बोटावरची साखर, रक्तातली साखर

घरच्या ग्लुकोमीटरची पट्टी साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढून घेते. साखर 100 असेल (म्हणजे डेसिलिटरमागे 100 मिलिग्रॅम), तर एवढ्याशा रक्तात ग्लुकोज भरते अर्धा मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग! पट्टीवरचे एन्झाइम या ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढून घेते, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि यंत्र तो मोजून आकडा दाखवते. ग्लुकोज रक्तातले की बोटाला लागलेले, हे त्याला कसे कळणार?

आंबा सोलून हात नुसता पुसला आणि बोट टोचले, तर 110 ची साखर सहज 200 च्या वर दिसू शकते. स्पिरिटच्या बोळ्याने हा चिकटा नीट निघत नाही. साबण आणि कोमट पाणीच हवे. मग हात पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा घसरतो. टोचायचे ते बोटाच्या टोकाला, पण मधोमध नाही, कडेला; तिथे दुखते कमी. थेंब आला नाही तर हात खाली सोडून थोडा झटका. बोट दाबून पिळले, तर पेशींभोवतीचा द्रव रक्तात मिसळतो आणि आकडा चुकतो.

पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने एन्झाइम खराब होते. कोकणातल्या पावसाळ्यात तर झाकण लगेच घट्ट लावलेच पाहिजे. उघडल्यावर डबी किती महिने चालते, ते तिच्यावर छापलेले असते. उघडल्याची तारीख तेवढी पेनाने लिहून ठेवा.

ॲनिमिया असेल, तर बरीच यंत्रे साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. हे जास्त धोक्याचे, कारण खाली गेलेली साखर त्यात लपते.

सगळे नीट केले तरी आकडा तंतोतंत नसतोच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 2013 च्या मानकानुसार 100 च्या पुढे 15 टक्के फरक चालतो. खरी साखर 200 असताना 175 किंवा 225 दिसले, तरी यंत्र बिघडलेले नाही. कालचे 140 आणि आजचे 152 यावरून घरात वाद नको.

70 च्या खाली आकडा आला, घाम सुटला, हात थरथरले, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. मात्र दुसऱ्यांदा टोचण्याआधी हात धुवा. घाईत ती साखर बोटांनाही लागलेली असते.