हार्ड डिस्कचं जुळं

संगणकाची हार्ड डिस्क गेली की पहिला प्रश्न फोटोंचा आणि कागदपत्रांचा असतो. ती क्लाउडवर किंवा पेनड्राइव्हवर असली की जीव भांड्यात पडतो. पण खरी दगदग पुढेच असते. नव्या डिस्कवर विंडोज टाका, ड्रायव्हर शोधा, प्रिंटर जोडा, हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवा, त्याच्या लायसन्सचा नंबर कुठल्या मेलमध्ये आला होता ते धुंडाळा, मराठी कीबोर्ड आणि फॉन्ट पुन्हा लावून घ्या. कित्येक वर्षांत बसलेली ही घडी फायलींच्या बॅकअपमध्ये कुठेच नसते. क्लोनमध्ये, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या हुबेहूब प्रतीत, मात्र ती जशीच्या तशी उतरते, आणि मला क्लोनचं मोल वाटतं ते यासाठीच.

फायली कॉपी करणं आणि डिस्क क्लोन करणं यांतला फरक डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात दिसतो. डिस्कवरची सगळी जागा सेक्टर नावाच्या लहान कप्प्यांत वाटलेली असते आणि कप्प्यांना शून्यापासून क्रमांक असतात. पूर्वापार एक सेक्टर ५१२ बाइटचा. अलीकडच्या डिस्क आतून ४,०९६ बाइटचे सेक्टर वापरतात. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कचा शून्य क्रमांकाचा सेक्टर उघडून पाहिला, तर पहिल्या ४४६ बाइटमध्ये संगणकाला जागं करणारा चिमुकला प्रोग्राम असतो. पुढच्या ६४ बाइटमध्ये पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागांचा, नकाशा आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए ही खूण. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीनं देवनागरी लिहिलं तर या अख्ख्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये जेमतेम १७० चिन्हं मावतील. आणि हे एवढंसं बिघडलं तरी शाबूत डिस्कवरूनही संगणक सुरू होत नाही! नव्या जीपीटी पद्धतीत म्हणूनच या नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते.

हा पहिला सेक्टर कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाही. त्यामुळे सी ड्राइव्हमधलं सगळं ओढून नव्या डिस्कवर टाकलं तरी ती डिस्क संगणक चालू करू शकत नाही. क्लोन करणारा प्रोग्राम डिस्ककडे फायलींच्या नव्हे, सेक्टरच्या नजरेनं पाहतो. त्यातही दोन तऱ्हा आहेत. काही प्रोग्राम फक्त वापरात असलेले सेक्टर उचलतात; तैवानमध्ये तयार झालेला मोफत क्लोनझिला एरवी असंच करतो, आणि त्यात वेळ वाचतो. दुसरी तऱ्हा शून्यापासून शेवटपर्यंत एकही सेक्टर न सोडण्याची. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधली जुनी डीडी ही आज्ञा त्याच पठडीतली. अशा प्रतीत पुसलेल्या फायलींचे अवशेषही येतात, म्हणून गुन्ह्यांच्या तपासात मूळ डिस्कला हात न लावता अशा प्रतीवरच काम केलं जातं.

घरच्या वापरात क्लोनचा सगळ्यात मोठा लाभ दिसतो तो जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवताना. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो सेक्टर तबकडी वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद नुसती वाट पाहायची, शिवाय डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हे थांबणं जवळपास संपतं. संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे वाचले जातात. क्लोन करून डिस्क बदलली की तोच डेस्कटॉप, तीच चिन्हं, तेच पासवर्ड आणि चाल मात्र नवी.

सेक्टरन् सेक्टर उतरवायला किती वेळ लागेल याचा हिशेब सोपा आहे. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वेगानं वाचली तर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडं जास्त. एवढा वेळ डिस्क अखंड राबते, आणि आजारी डिस्कला नेमकं तेच झेपत नाही. माझ्या एका डिस्कनं आधी बरेच दिवस इशारा दिला होता. फोल्डर उघडायला वेळ लागे, मधेच सगळं गोठे आणि पुन्हा चालू होई. मी क्लोन करायला बसलो तोवर बरेच सेक्टर वाचण्यापलीकडे गेले होते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्मार्ट या व्यवस्थेत ठेवते. तिथे खराब झाल्यानं बदली दिलेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरचे आकडे वाढताना दिसले की त्याच दिवशी क्लोन करावा. साधा प्रोग्राम खराब सेक्टरपाशी अडतो; आजारी डिस्कसाठीचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आधी सोपं सोपं उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच वीज बंद करावी आणि डिस्क जाणकाराकडे न्यावी.

क्लोन करताना सगळ्यात घातक चूक म्हणजे सोर्स (जिची प्रत काढायची ती डिस्क) आणि टार्गेट (जिच्यावर उतरवायची ती) यांची अदलाबदल. टार्गेट डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. दोन्ही एकाच आकाराच्या असतील तर सिरियल नंबर कागदावर लिहून घ्यावा आणि पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहावा. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवावी.

हुबेहूब प्रतीची एक अडचणही असते. डिस्कची ओळखखूणसुद्धा नकलेत उतरली आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या, तर विंडोज गोंधळ टाळण्यासाठी त्यातली एक ऑफलाइन ठेवतं. म्हणून क्लोन झाला की संगणक बंद करावा, जुनी डिस्क काढावी आणि नवीवरून एकदा तरी सुरू करून पाहावं. एवढं केल्याशिवाय क्लोन नीट झाला असं मी धरत नाही.

रोजच्या बॅकअपची जागा क्लोन घेऊ शकत नाही. तो त्या एका दिवसाचा असतो. काल लिहिलेलं पत्र मागच्या महिन्यातल्या क्लोनमध्ये सापडणार नाही. तो कायम जोडून ठेवला तर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्यालाही गाठतो. माझा क्लोन संगणकापासून दूर, कपाटात असतो आणि त्यावर चिकटपट्टीवर तारीख लिहिलेली असते. काही मोठं सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं की तो बाहेर काढतो, पुन्हा क्लोन करतो आणि तारीख बदलतो.