दास्तानगोई अखंड चालत आलेली नाही

इंदुरातल्या मराठी रसिकांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: दास्तानगोई म्हणजे उर्दूतून लांबलचक कथा रंगवून सांगण्याची, मुघल दरबारापासून न खंडता चालत आलेली कला. तसे नाही. शेवटचे नामवंत दास्तानगो, म्हणजे कथा सांगणारे, मीर बाकर अली १९२८ साली दिल्लीत वारले आणि धागा तुटला. आपल्या कीर्तनासारखी ती गुरूकडून शिष्याकडे आली नाही. उरले ते कागदावर: लखनौच्या नवल किशोर छापखान्याने काढलेले अमीर हम्जा या वीराच्या दास्तानीचे, म्हणजे कथेचे, ४६ खंड. उर्दू समीक्षक शम्सुर रहमान फारुकींनी या खंडांचा अभ्यास केला, त्यांच्या प्रेरणेने महमूद फारुकींनी २००५ मध्ये प्रयोग उभा केला. समोर गुरू नसताना छापील ओळींतून आवाज शोधायचा, हे मला परंपरा सांभाळण्याहून अवघड वाटते. दोघांनी मिळून सांगण्याची रीतही आताचीच. पूर्वी दास्तानगो एकटाच बसे.