दुपारी चार वाजता दहा मजली झालेली शाळा

पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यातली दुमजली शाळा. विज्ञानाच्या बाईंनी आठवीला काम दिलं होतं: शाळेची उंची मोजा, पण टेप न लावता. साधन एकच, बाईंचा स्वतःचा मोबाईल. सकाळी दहा वाजता पहिल्या गटाने तो पटांगणात जमिनीवर ठेवला आणि पडद्यावर दिसणारा हवेचा दाब वहीत उतरवला, ९४८.२० हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक). मग जिना चढून गच्चीवर गेले. तिथे ९४७.४८. फरक ०.७२. त्या भागात दाब एका हेक्टोपास्कलने कमी व्हायला साधारण ९ मीटर वर चढावं लागतं, म्हणजे उंची झाली साडेसहा मीटर. नंतर गच्चीवरून दोरी सोडून पाहिली, तर ६ मीटर ७० सेंटिमीटर. वर्ग खूश.

दुसऱ्या गटाची पाळी शेवटच्या तासाला आली. खालचा आकडा वहीत आहेच, परत कशाला मोजायचा, म्हणून पोरं सरळ गच्चीवर गेली. दाब निघाला ९४४.५८. वजाबाकी केली, नऊने गुणलं आणि शाळेची उंची आली साडेबत्तीस मीटर. दहा मजली इमारतीएवढी.

मी त्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर होतो. इतक्या वर्षांत अनेक शाळांमधून प्रयोग पाहिलेत. असं उत्तर आलं की बहुतेक वेळा काय होतं तेही माहीत आहे: ‘चुकलं, पुन्हा करा’, किंवा त्याहून वाईट, ‘पहिल्या गटाचं उतरवून घ्या’. या बाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी फळ्यावर दोन्ही गटांचे आकडे शेजारीशेजारी लिहिले आणि खडू ठेवून दिला.

पुढचा अर्धा तास मला विसरता येणार नाही. ‘बाई, मोबाईल बिघडलाय.’ बरं, मग कसं तपासायचं? एका सरांच्या फोनमध्येही दाबाचा सेन्सर निघाला. दोन्ही फोन शेजारी ठेवले. आकड्यांत थोडा फरक होता, पण फोन बाकावरून जमिनीवर आणला की दोन्हींचे आकडे सारखेच वाढत होते. म्हणजे बिघाड नाही. ‘फोन उन्हात तापला असेल.’ सावलीत ठेवून पाहिला, आकडा जवळपास तोच. मग एका मुलीने खाली जाऊन पटांगणात, सकाळच्याच जागी, फोन ठेवला: ९४५.३०. ती तिथूनच ओरडली, ‘बाई, खालचाच बदललाय!’

खालचा आकडा सकाळपेक्षा २.९० ने उतरला होता. नऊने गुणा: सव्वीस मीटर. फोनच्या हिशेबाने दिवसभरात सगळं गावच सव्वीस मीटर वर गेलं होतं.

मोबाईलमध्ये हा सेन्सर असतो तरी कसा, आणि कशाला? सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा, त्याच्या पाठीमागे हवा काढून बंद केलेली बारीकशी पोकळी. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत दबतो, कमी झाला की सैल होतो, आणि त्या वाकण्यामुळे त्याच्यावरच्या पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो. फोनला तो रोध मोजता येतो. जीपीएसला उंची ठरवायला मदत व्हावी म्हणून तो बसवलेला असतो. स्वस्त फोनमध्ये तो बहुधा नसतो, पण एका वर्गाला एक फोन पुरतो. सेन्सर इतका संवेदनशील असतो की फोन जमिनीवरून डोक्यावर धरला तरी आकडा हलतो. आकडे पाहायला बाई फायफॉक्स हे अॅप वापरत होत्या. जर्मनीतल्या आखेन इथल्या तांत्रिक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी ते २०१६ मध्ये आणलं. ते मोफत आहे आणि मोजायला इंटरनेट लागत नाही. खेड्यातल्या शाळेसाठी ही फार मोठी सोय आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन चार्जरला लावून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आणि दिवसभर आलेख काढू दिला. रेघ सकाळी दहाच्या सुमाराला माथ्यावर, मग हळूहळू उतरत दुपारी चारच्या आसपास तळाला. तिसऱ्या दिवशीही तेच. आभाळ निरभ्र, वारा बेताचा, पाऊस नाही, वादळ नाही. तरी दाब रोज ठरल्या वेळी चढतो आणि उतरतो.

समुद्राला भरती-ओहोटी येते तशी हवेलाही येते. आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातल्या प्रदेशात ती ठळक असते. दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. दोनशे वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने ही लय नोंदवली. दाबाकडे पाहून किती वाजले ते सांगावं, इतकी ती नियमित आहे असं त्याचं म्हणणं होतं.

पण गंमत पुढेच आहे. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे येते. हवेची भरती चंद्राची नव्हे, सूर्याची, आणि तीही ओढीमुळे नाही, उष्णतेमुळे. मग पोरांनी विचारलं तेच शास्त्रज्ञांनीही विचारलं होतं: सूर्य दिवसातून एकदाच उगवतो, मग भरती दोनदा का? ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनने १८८२ मध्ये असा तर्क मांडला की वातावरणाचा स्वतःचा झोका बारा तासांच्या आसपासचा असावा, म्हणून तेवढीच लाट फोफावते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो तसं. तर्क देखणा होता, पण टिकला नाही. उत्तर हाती यायला १९६० चं दशक उजाडलं. सूर्याची उष्णता फक्त जमीन शोषत नाही. वर ओझोनचा जाड थर आणि खाली पाण्याची वाफही ती शोषतात. दिवसा तापायचं आणि रात्री अजिबात नाही, अशा तुटक तापण्यात चोवीस तासांच्या लाटेबरोबर बारा तासांची लाटही दडलेली असते. ओझोनच्या थरात वेगवेगळ्या उंचीवर उठलेल्या चोवीस तासांच्या लाटा जमिनीपर्यंत पोचता पोचता एकमेकींना मारतात. बारा तासांच्या लाटा मात्र एकमेकींत मिळून खाली येतात. कपाटातल्या फोनवर जी रेघ उमटली, तिचा एक मोठा धागा डोक्यावर तीस-चाळीस किलोमीटर उंचीवरच्या ओझोनपर्यंत जातो. आठवीतल्या मुलांनी तो धागा शाळेची उंची चुकवून पकडला.

शिक्षणाच्या चर्चेत हल्ली ‘अस्सल शिक्षण’ असा शब्द येतो. महाराष्ट्रातले शिक्षक ज्ञानरचनावाद, कृतियुक्त शिक्षण हे शब्द त्याहून जास्त वापरतात. मला त्याची एकच खूण पटते: ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नाही आणि बाईंनाही आधी माहीत नाही, असा प्रश्न वर्गात आला का? प्रोजेक्टरवर हवेच्या दाबाचा सुंदर व्हिडिओ दाखवता येतो, त्यावर दहा प्रश्नांची चाचणीही घेता येते. पण त्या व्हिडिओत शाळा दहा मजली होत नाही. ओईसीडी या प्रगत देशांच्या संघटनेने २०१५ मध्ये अनेक देशांच्या पिसा चाचण्या, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्या, ताडून पाहिल्या. ज्यांनी शाळांमधल्या संगणकांवर भरपूर खर्च केला होता, त्यांच्या मुलांच्या वाचनात, गणितात, विज्ञानात डोळ्यांत भरावी अशी सुधारणा दिसली नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. पडदा मोठा झाला तरी पोरं बघेच राहिली, तर फळा आणि पडदा यांत फरक काय?

पुणे जिल्ह्यातल्याच पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम ही हातांनी काम करत शिकायची संस्था सुरू केली ती याच तळमळीतून. तिथली मुलं जमिनीत सळया ठोकून, त्यांतून वीज सोडून मातीचा रोध मोजायला शिकली. विहीर कुठे खोदावी याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तिथे मोजमाप चुकलं तर गुण जात नाहीत, शेतकऱ्याचे पैसे जातात. अशा वेळी मुलं तीन-तीनदा मोजतात, कोणी सांगावं लागत नाही.

फोनमध्ये दाबाच्या सेन्सरखेरीज चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सरही असतो. नकाशात तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात ते त्यालाच कळतं. आपल्याकडे, पश्चिम महाराष्ट्रात, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४२ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. बाईंच्या वर्गात तो आकडा एका बाकावर ३५ आला, दुसऱ्यावर ६१. कारण शोधायला पोरांना पाच मिनिटं पुरली: बाकांचे लोखंडी पाय. मग ती फोन घेऊन पटांगणाच्या मधोमध गेली आणि आकडा ४२ च्या जवळ स्थिरावला.

हीच अडचण मुंबईत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या चालू होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे नोंदी नासणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवली गेली आणि चुंबकाच्या खोल्या लोखंड न वापरता बांधल्या. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून. अलिबागची ती नोंद आजही चालू आहे. हे वाचून दाखवल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे त्यांनी पण बाक सोडून पटांगणात जायचंच ठरवलं.’ याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आवाजाचा वेग मोजायलाही दोन फोन पुरतात, दोन टोकांना एकेक. एका टोकाला ताटावर पळी मारायची, दोन्ही फोनची घड्याळं आवाजाने सुरू होतात. मग दुसऱ्या टोकाला मारायची, दोन्ही थांबतात. दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला जाऊन येण्याएवढं अंतर कापायला लागलेला वेळ. पाच मीटर अंतर ठेवलं तर फरक २९ मिलिसेकंदांच्या आसपास येतो, आणि तिथे एका मिलिसेकंदाची चूक झाली तर वेगात सेकंदाला बारा मीटरची चूक होते. वीस मीटर ठेवलं तर तेवढीच चूक तिनावर येते. अंतर वाढवा हे पुस्तकातलं वाक्य पोरांना तेव्हा कळतं, जेव्हा प्रत्येक गटाचा आकडा वेगळा आलेला असतो.

काही शिक्षकांना एक भीती वाटते आणि ती खरी आहे: आलेला आकडा समजावता आला नाही तर? त्या दिवशी बाईंनाही दुपारचा उतार ठाऊक नव्हता. त्यांनी ते वर्गाला सरळ सांगितलं. पोरांचा त्यांच्यावरचा विश्वास कमी झाल्याचं मला दिसलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी सहा जणं कपाटापाशी उभी होती. एकाने हवामानाचं अॅप उघडून विचारलं, ‘बाई, यात दाब १०१० आहे, आपल्याकडे ९४८ का?’ गावोगावच्या दाबाची तुलना करता यावी म्हणून हवामान खातं प्रत्येक आकडा समुद्रसपाटीवर आणून सांगतं. आपलं गाव समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे. मुलांनी त्या ६२ च्या फरकाला नऊने गुणलं आणि ५५८ हा आकडा गावाच्या पाटीवरच्या उंचीशी ताडून पाहायला पळाली.

आता त्यांचा वाद वेगळाच चालू आहे. भरती सूर्यामुळे येते, तर नागपूरला ती आधी यायला हवी. नागपूर आपल्यापेक्षा सव्वापाच अंश पूर्वेला आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे एकवीस मिनिटं आधी. पण आलेखाचा माथा सपाट असतो. दहाला होता की सव्वादहाला, हे एका दिवसाच्या रेघेवरून सांगता येत नाही. म्हणून पंधरा दिवसांचे आलेख एकावर एक रचायचे ठरलं आहे. एका मुलीचा मामा नागपूरला असतो. त्याच्या फोनमध्ये सेन्सर आहे हे तिने विचारून घेतलं. पंधरा दिवस रोज सकाळी आठ ते दुपारी पाच फोन घरातल्या फडताळावर एकाच जागी राहिला पाहिजे, खिशात घालून जिने चढायचे नाहीत, असं तिने त्याला बजावलं आहे. मामा म्हणाला, ‘मग मी फोन कशावर घेऊ?’ त्यावर वर्गाची चर्चा अजून चालू आहे.