खारेपाटातला भात मीठ अडवतो कुठे?

‘समुद्राच्या पाण्यावर पिकणारा भात’ अशी बातमी अधूनमधून मोबाइलवर फिरते. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, ज्यांच्या बांधाला खांडी पडून उधाणाचं पाणी शेतात शिरलंय, त्यांना ती वाचून आशा वाटणारच. म्हणून आधी आकडा सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि लागवडीचा एकही भात त्यावर तगत नाही. चीनमधल्या गाजलेल्या प्रयोगांतही गोडं पाणी मिसळून पातळ केलेलं खारं पाणीच दिलं गेलं. असल्या मथळ्यांनी शेतकऱ्याची दिशाभूल होते आणि खरी, याहून सुरस गोष्ट मागे पडते.

खाऱ्या जमिनीत रोप मारतो तो मुख्यतः सोडियम. पेशीतली कितीतरी विकरं (एन्झाइम) पोटॅशियमवर चालतात. सोडियमचा विद्युतभार तोच असल्याने तो पोटॅशियमची जागा बळकावतो आणि कामं अडतात. मुळांनी ओढलेलं पाणी जलवाहिन्यांतून पानात चढतं, वाफ होऊन उडून जातं. सोडियम मात्र पानातच साचत राहतो. पान टोकाकडून करपत येतं ते यामुळे.

मग खार सोसणारा भात काय करतो? मुळातल्या जलवाहिनीला लागून असलेल्या पेशींच्या पटलात एचकेटी1;5 नावाचं प्रथिन बसलेलं असतं. वर चाललेल्या रसातला सोडियम ते बाजूच्या पेशीत ओढून घेतं. म्हणजे मीठ मुळात शिरतंच, पण बरंचसं वाटेतच उतरवलं जातं. हे प्रथिन साध्या भातातही असतं. नोना बोक्रा या खार सोसणाऱ्या भातातलं त्याचं जनुक 2005 मध्ये हाती लागलं, तेव्हा दिसलं की प्रथिनातली फक्त 4 अमिनो आम्लं वेगळी आहेत, आणि तेवढ्याने सोडियमचा उपसा वाढतो! हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. केरळच्या पोक्कली भातातला ‘साल्टॉल’ हा गुणसूत्राचा भागही त्याच पट्ट्यात येतो. साल्टॉलचा उपयोग मुख्यतः रोपावस्थेत होतो. फुलोऱ्यात भात पुन्हा नाजूक होतो आणि तिथे दुसरी जनुकं लागतात. कोकणात पहिला पाऊस मीठ धुऊन नेतो म्हणून लावणी साधते. पाऊस लवकर सरला तर ऐन फुलोऱ्यात खार वर येतो.

पीक बसलं की राखणदाराचा कोप झाला असं अजूनही ऐकू येतं. कोप कुणाचा नसतो. उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं, दार गळत असतं, ते बघायला हवं.

जनुक, अध्यापन आणि धोरण या तिन्हींत आयुष्य घातलेला माणूस म्हणून मला कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन फार मोठे वाटतात. 1952 मध्ये केंब्रिजला बटाटावर्गीय वनस्पतींच्या आनुवंशिकीवर पीएच.डी., मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत संशोधन आणि अध्यापन, 1982 ते 1988 फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं महासंचालकपद. नाव झालं बुटक्या गव्हामुळे. पुढे मात्र त्यांचं लक्ष किनाऱ्याकडे वळलं. चेन्नईच्या त्यांच्या प्रतिष्ठानात तिवराचं, म्हणजे आपल्याही खाडीत उगवणाऱ्या झाडाचं, जनुक भातात घालून पाहिलं गेलं. ते रोप अजून शेतात आलेलं नाही. राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष म्हणून 2004 ते 2006 या काळात त्यांनी हमीभाव उत्पादनखर्चाच्या किमान दीडपट असावा अशी शिफारस केली. पिकांचे जुने वाण ज्यांनी सांभाळले, त्यांना श्रेय आणि मोबदला मिळावा, असाही त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-1, 2 आणि 3 हे वाण आहेत. पण त्यांच्या कितीतरी आधीपासून खाजणात काळा राता आणि भुरा राता लोकांनीच राखले. अशा जुन्या वाणांसाठी पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 पासून आहे. त्याखाली शेतकऱ्याला किंवा शेतकऱ्यांच्या गटाला आपला वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येतो आणि त्यावरून कुणी नवा वाण काढून नोंदवला, तर लाभात वाटा मागता येतो.