खासगीपणाचा हक्क, ख्यातनाम व्यक्तींचा : ठाणे व नवी मुंबई

ख्यातनाम माणसाचे काम सगळ्यांचे, पण त्याचे घर, आजारपण, मुले, नातीगोती यांत कोणाला किती डोकावू द्यायचे हे त्याने स्वतः ठरवायचे, असा हा हक्क. भारतात प्रसिद्ध व्यक्तींसाठी त्याचा वेगळा कायदा नाही. तो न्यायनिवाड्यांतून तुकड्यातुकड्याने घडत आला. वांद्रे-जुहूला फाटकाबाहेर कॅमेरेवाले तळ ठोकून असतात. मुलुंडचा चेकनाका किंवा वाशीचा पूल ओलांडला की चित्र पालटते. इथे मालिका-नाटकांतले कलाकार गृहसंकुलांत चारचौघांसारखे राहतात, त्याच लिफ्टने खाली उतरतात, आणि त्यांच्यावर रोखलेला कॅमेरा बहुधा शेजाऱ्याच्या मोबाइलचा असतो.

ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात रविवारचा प्रयोग संपला की हे जवळून पाहता येते. नाटक आवडले तर रंगपटात जाऊन ‘छान झाला हो प्रयोग’ म्हणायचे, ही जुनी रीत. कलाकारालाही ती हवीशी वाटते. आता मात्र नमस्काराच्या आधी हात वर होतो तो फोन धरलेला. अर्धा मेकअप पुसलेला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, चहाचा कप तोंडाशी नेलेला, आणि समोर ‘दादा, एकच!’ तो ‘एकच’ मासुंदा तलावाला वळसा घालून घरी पोहोचेपर्यंत तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलेला असतो. नाही म्हणावे तर ‘शेफारलाय’ हा शिक्का तयार. पापाराझींना, म्हणजे फाटकाबाहेरच्या त्या कॅमेरेवाल्यांना, निदान धंद्याचे काही संकेत तरी असतात. रसिकाला वाटते, तिकीट काढले म्हणजे माणूसही आपला झाला.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर मुख्य आधार १९९४ चा ‘आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य’ हा निवाडा. तो नटनट्यांचा नव्हेच. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचे आत्मवृत्त एका साप्ताहिकाने छापावे की नाही, यावरून तो खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की कुटुंब, विवाह, मातृत्व, मुले, शिक्षण यांविषयी संमतीशिवाय कोणी काही छापू नये. छापल्यास नुकसानभरपाईचा दावा लागू शकतो. सार्वजनिक अभिलेखात आधीच असलेला मजकूर मात्र यातून वगळला. आणखी एक पळवाट तिथेच राहिली : जो आपण होऊन वादात उडी घेतो, त्याची गोष्ट वेगळी. मुलाखतीत लग्नाबद्दल चार वाक्ये बोललेली अभिनेत्री यात बसते का, हा वाद वकिलांना आजही पुरतो.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपण हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) खालचा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात, हा अनुच्छेद खासगी व्यक्तींविरुद्धही लागू होऊ शकतो, असे बहुमताने ठरले.

फौजदारी कायदा इथे तोकडा पडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अभिनेत्री आलिया भट हिचे ती स्वतःच्या दिवाणखान्यात बसलेली असताना समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून फोटो काढले गेले आणि तिने समाजमाध्यमावरून मुंबई पोलिसांचे लक्ष वेधले. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीचे चोरून चित्रण करणे हा गुन्हा मानते, पण त्यातल्या ‘खासगी कृती’च्या व्याख्येत विवस्त्रता, शौचालयाचा वापर, लैंगिक कृती असे प्रसंग येतात. अंगभर कपड्यांत सोफ्यावर बसणे त्यात येत नाही. घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरला समोरासमोर उभ्या असलेल्या टॉवरांत राहणाऱ्या कोणालाही ही उणीव समजावून सांगावी लागणार नाही. उरतो दिवाणी दावा, आणि त्याच्या तारखा. प्रेस कौन्सिल समज देते, ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही.

घुसखोरीची झळ प्रसिद्ध माणसापाशीच थांबते असेही नाही. १६ जानेवारी २०२५ रोजी सैफ अली खान याच्यावर वांद्र्याच्या घरात हल्ला झाला. तीन दिवसांनी आरोपी ठाण्यात, घोडबंदर परिसरात पकडला गेला. त्याआधी छत्तीसगडमधल्या दुर्ग स्थानकावर संशयावरून एका भलत्याच तरुणाला उतरवले होते. त्याचा चेहरा दिवसभर वाहिन्यांवर फिरला. सुटला तेव्हा नोकरी गेलेली आणि ठरलेले लग्न मोडलेले, असे त्याने सांगितले. पनवेलच्या फार्महाउसची गोष्ट आणखी वेगळी : तिथे सलमान खानवर हल्ल्याचा कट रचल्याच्या आरोपावरून नवी मुंबई पोलिसांनी जून २०२४ मध्ये अटका जाहीर केल्या, आधी टेहळणी (रेकी) झाल्याचेही सांगितले. कोण कधी कुठे जातो याची खडान्‌खडा बातमी कोणाच्या उपयोगी पडेल, हे बातमी देणाऱ्याच्या हातात नसते.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. जिमबाहेर, विमानतळावर ‘टिपलेले’ अनेक फोटो पीआरवाल्यांनीच वेळ कळवून काढवून घेतलेले असतात. त्यामुळे छायाचित्रकारांची तक्रार अगदीच पोकळ नाही : प्रदर्शनाच्या आठवड्यात बोलवायचे आणि एरवी हुसकावायचे. मुलांच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद टिकत नाही. विराट कोहली-अनुष्का शर्मा यांनी मुलीचे फोटो नकोत असे सांगितल्यावर बऱ्याच छायाचित्रकारांनी ते पाळले. तरी जानेवारी २०२२ मध्ये केप टाउनच्या सामन्यात प्रेक्षागृहातला तिचा चेहरा थेट प्रक्षेपणात दिसलाच.

मृत्यूनंतर हा हक्क उरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत याच्या वडिलांच्या दाव्यात २०२३ मध्ये म्हटले. त्याच्या मृत्यूच्या वार्तांकनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्येच वाहिन्यांना मर्यादा आखून दिल्या होत्या. याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग याच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. तो आदेश नाव, आवाज आणि छबीच्या विनापरवाना वापराला आहे; समोरच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोला नाही.