पेटीखालचं पॅलेट किती जागा खातं आणि किती हवा अडवतं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकजवळच्या पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षाच्या पॅकहाऊसला (जिथे एक्सपोर्टचा माल पेट्यांत भरतात) जा, शुगर किती लागली, मण्याची साइज काय, फवारणीच्या रेसिड्यूचा (उरलेल्या अंशाचा) रिपोर्ट कसा आला यावर सगळे भरभरून बोलतील, पण पेट्या ज्याच्यावर रचून फोर्कलिफ्टने उचलतात त्या फळ्यांच्या चौकटीबद्दल, म्हणजे पॅलेटबद्दल, कोणी चकार शब्द काढणार नाही. पॅलेटमुळे काम पटापट उरकतं हे मान्यच, हाताने एकेक पेटी लावत बसलं तर कंटेनर भरायला कित्येक तास जातात. पण त्या सोयीचे पैसे आपण मोजतोच, फक्त ते बिलात वेगळे लिहिलेले नसतात.

जागेचंच बघा. वीस फुटी कंटेनर आतून साधारण 5.9 मीटर लांब आणि 2.35 मीटर रुंद. 1200 बाय 1000 मिलिमीटरची पॅलेट्स कशीही आडवी-उभी फिरवून लावली तरी 10 च बसतात, म्हणजे जवळपास 13.9 चौरस मीटरपैकी 12 च वापरात आले. त्यात पॅलेटची स्वतःची 14-15 सेंटिमीटर उंची गेली. दोन्ही धरले तर साधारण 19 टक्के जागा माल चढायच्या आधीच संपते आणि भाडं मात्र अख्ख्या कंटेनरचं. बरं, माप तरी एक आहे का, तर नाही, युरोपात 1200 बाय 800 चालतं, अमेरिकेत 48 बाय 40 इंच, आयएसओ 6780 या पॅलेटच्या आंतरराष्ट्रीय मानकातच सहा मापं दिलीत. एका मापाला जुळणारी पेटी दुसऱ्यावर काठाबाहेर येते, आणि पुठ्ठ्याच्या पेटीचा जोर मुख्यतः तिच्या उभ्या कोपऱ्यांत असतो, कोपरा अधांतरी राहिला की खालचा थर दबलाच.

द्राक्षाच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती हवेची. रीफर कंटेनरमध्ये, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये, थंड हवा खालून, जमिनीवरच्या पट्ट्यांमधल्या खाचांतून सुटते आणि मालातून वर चढून परत युनिटकडे जाते. हवा नेहमी सोपी वाट धरते. पॅलेटची फळी नेमकी पेटीच्या भोकाखाली आली की त्या पेटीत हवा शिरतच नाही, आणि दोन पॅलेटच्या मधे किंवा दरवाजाकडे मोकळी फट राहिली की थंड हवा तिथूनच वर निघून जाते, माल बाजूलाच गरम बसतो. स्क्रीनवर शून्य डिग्री दिसतं म्हणून आपण निर्धास्त, पण ते आकडे हवेचे असतात, पॅलेटच्या पोटातल्या घडाचे नव्हे. रीफर हा तापमान टिकवायला असतो, गरम माल थंड करणं त्याचं कामच नाही. तापमान वरखाली झालं की पेटीत पाणी सुटतं, करडी बुरशी धरते, आणि बुरशी रोखायला पेटीत ठेवलेल्या ग्रेपगार्डच्या पॅडमधून ओलाव्यामुळे सल्फर डायऑक्साइड जास्त सुटून मणी पांढरट पडतात. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, प्रवास लांबला, अशा वेळी ही छोटी चूक फार महागात पडते.

मग लाकूड. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियातला लांब शिंगांचा भुंगेरा झाडं पोखरताना सापडला, तो पॅकिंगच्या लाकडातून आला असं मानतात. अशाच प्रकारांमुळे 2002 मध्ये पॅकिंगच्या लाकडासाठी आयएसपीएम-15 हा आंतरराष्ट्रीय नियम आला, लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 डिग्री तापमान सलग 30 मिनिटं, नाहीतर मिथिल ब्रोमाइडची धुरी, आणि मग गव्हाच्या लोंबीचा शिक्का. धुरीचा हा वायू ओझोनचा थर खातो, तरी क्वारंटाइनच्या, म्हणजे कीड देशात शिरू न देण्याच्या, कामासाठी त्याला सूट आहे, हे मला अजूनही खटकतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, हीट ट्रीटमेंट म्हणजे लाकूड वाळवणं नव्हे. किडे मरतात पण ओल आतच राहू शकते, ओल 20 टक्क्यांच्या वर गेली की बुरशी येते. पावसाळ्यात उघड्यावर थप्पी लावून ठेवलेली पॅलेट्स नंतर कोल्ड स्टोरेजमध्ये आणली तर काय होणार ते सांगायला नको. 2009-10 मध्ये अमेरिकेत टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या गोळ्या कुबट वासामुळे परत मागवाव्या लागल्या, वास होता ट्रायब्रोमोअॅनिसोलचा, लाकडी पॅलेटवर मारलेल्या रसायनापासून तयार झालेला, आणि नाकाला तो अगदी नगण्य प्रमाणातही जाणवतो.

प्लास्टिकच्या पॅलेटला शिक्का लागत नाही, ओल धरत नाही, पण किंमत जास्त, आग लागली तर भडका मोठा, आणि एक्सपोर्टला गेलेलं परत येत नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कोरड्या मालाला पॅलेटऐवजी पातळ स्लिपशीट (मालाखाली घालायची सपाट शीट) चालू शकते, मात्र पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे, दोन्हीकडे ती ओढणारी जोडणी असलेली फोर्कलिफ्ट हवी. द्राक्षाखाली सपाट शीट टाकली तर खालची हवाच बंद, म्हणून तिथे पॅलेट राहणार. तेव्हा पेट्यांची ऑर्डर द्यायच्या आधी एक रिकामी पेटी पॅलेटवर ठेवा, पॅलेट थोडं उचलून धरायला सांगा आणि वरून आत बघा, प्रत्येक भोकातून खालचा उजेड दिसला पाहिजे. नसेल दिसत तर पेटीवाल्याला भोकांची जागा सरकवायला सांगा, तेवढं तो करून देतो.