ट्रक उडतो मोटरीवर, उतरतो तेलावर

रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकांच्या शर्यतीत नवा उतरलेला माणूस पैसे घालतो ते मोटर आणि बॅटरीवर. जोर जास्त म्हणजे पहिला नंबर, असा समज पक्का असतो. मग पहिल्याच मोठ्या उडीनंतर ट्रक जमिनीवर आदळून पुन्हा उसळतो. चाकं अधांतरी असताना तो सगळा जोर वाया जातो आणि साध्या मोटरीचा ट्रक आतल्या बाजूने निघून जातो. मातीच्या ट्रॅकवरची शर्यत बहुतेक वेळा उतरण्यात जिंकली जाते, आणि उतरणं ठरवतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधला चमचाभर द्रव.

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या क्रँडनसारख्या ठिकाणी, खऱ्या शॉर्ट कोर्स ट्रकांच्या, म्हणजे उड्या असलेल्या आखूड मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या ट्रकांच्या, शर्यती होतात. ट्रॅक्सस कंपनीने २००८ मध्ये ‘स्लॅश’ नावाने त्यांची एक-दशांश मापाची आवृत्ती आणली आणि हा प्रकार हौशी लोकांत झपाट्याने पसरला. लांबी दहापट कमी झाली की वजन साधारण हजारपट घटतं, म्हणून हे ट्रक दोन-सव्वादोन किलोंचे. गुरुत्वाकर्षण मात्र तेवढंच राहतं. तीन मीटरवरून पडायला ०.७८ सेकंद लागतात, तीस सेंटीमीटरवरून ०.२५. छोट्या ट्रकचं पडणं, डोलणं, उसळणं सगळं तिपटीने घाईत घडतं, आणि रिमोट धरलेला हात तेवढा चपळ नसतो. उतरल्यावर ट्रक शांत करण्याचं काम शॉकलाच करावं लागतं.

शॉकची रचना साधी आहे. नळीत सिलिकॉन तेल आणि त्यात छिद्रं पाडलेला पिस्टन. चाक वर दाबलं गेलं की पिस्टन आत जातो आणि तेलाला छिद्रांतून वाट काढावी लागते. नळीचा व्यास १२ मिलिमीटर आणि पिस्टनला १.६ मिलिमीटरची दोन छिद्रं आहेत असं धरू. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणून १४४ भागिले (२ × २.५६), म्हणजे सुमारे २८. पिस्टनच्या कडेने सुटणारं तेल सोडून दिलं, तर छिद्रातल्या तेलाचा वेग पिस्टनच्या २८ पट. अर्ध्या मीटरवरून पडलेला ट्रक सेकंदाला सुमारे ३.१ मीटर वेगाने जमिनीला भिडतो. शॉक आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांडीवर, चाकापेक्षा आतल्या बाजूला जोडलेला असतो, म्हणून पिस्टनचा वेग निम्मा, १.५ मीटर धरू. छिद्रातलं तेल सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी १५० किलोमीटरने धावतं!

या तेलाला दोन प्रकारचा विरोध होतो, आणि ट्यूनिंगचं सगळं मर्म इथे आहे. पहिला विरोध चिकटपणाचा. तो वेगाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा तेलाच्या जडत्वाचा. जवळजवळ थांबलेलं तेल क्षणात ४२ मीटरच्या वेगावर आणायला दाब लागतो, आणि हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. त्याचा संबंध घनतेशी, चिकटपणाशी नाही. हळू हालचालीत पहिला विरोध भारी पडतो, जोरात आदळल्यावर दुसरा. शॉक आदळताना आखडतो, त्याला ट्रॅकवर ‘पॅक होणं’ म्हणतात आणि दोष तेलाच्या खळबळत्या प्रवाहाला दिला जातो. पण ३५० सेंटिस्टोकच्या (सेंटिस्टोक हे तेलाच्या घट्टपणाचं माप) तेलासाठी इथे रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा, २००च्या आतच येतो. लांब नळीत प्रवाह खळबळायला लागतो तो साधारण २०००च्या पुढे. तेव्हा दोष जडत्वाचा.

आता गंमत पाहा. छिद्राचा व्यास वाढवला की दोन्ही विरोध जवळपास चौथ्या घाताने घटतात. १.६चं छिद्र १.७ केलं तर सुमारे सव्वापट फरक. मग तेल ३५०ऐवजी ४५० सेंटिस्टोकचं घातलं की हळू हालचालीतला विरोध पूर्ववत होतो, पण आदळतानाचा कमीच राहतो, कारण जास्त चिकट तेलाची घनता जवळपास तीच असते. वळणावर ट्रक आधीसारखाच वागतो, उडीनंतर मात्र मऊ उतरतो. खडबडीत ट्रॅकला मोठी छिद्रं आणि घट्ट तेल, गुळगुळीत ट्रॅकला लहान छिद्रं आणि पातळ तेल, हा अनुभवी लोकांचा नियम यातूनच येतो.

‘चॅम्पियनचं तेल’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर विश्वास ठेवू नका. आतला मूळ द्रव पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन, म्हणजे तेच सिलिकॉन तेल असतं. बाटलीवरचा ‘३० वेट’ हा घट्टपणाचा आकडाही कंपनीगणिक बदलतो. सेंटिस्टोक पाहूनच घ्या. विजेत्याची सेटअप शीट, म्हणजे त्याच्या ट्रकच्या जुळणीची यादी, जशीच्या तशी उतरवण्यातही अर्थ नाही. त्याचा ट्रॅक, टायर आणि त्या दिवसाचं तापमान तुमच्याकडे नसतं.

शिकायचं तर बॅटरी बसवलेला ट्रक फूटभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडा. चॅसी जमिनीला जेमतेम टेकून ट्रक एकदाच वर येऊन थांबला पाहिजे. पुन्हा उसळला तर तेल पातळ आहे, किंवा भरताना आत हवेचे बुडबुडे राहिले आहेत. चॅसी टेकलीच नाही तर तेल घट्ट किंवा स्प्रिंग कडक. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही शॉक सारखेच ठेवा. सकाळी जमलेलं दुपारच्या उन्हात बिघडू शकतं, कारण तापल्यावर सिलिकॉन तेलही पातळ होतं, खनिज तेलापेक्षा कमी इतकंच. अशा वेळी पिस्टनला हात लावू नका. ५० सेंटिस्टोक घट्ट तेल भरून पुन्हा सोडून पाहा.